दोन वेताळ

२०११ साली २४ फेब्रुवारीला अनंत पै गेले. 'अमर चित्रकथा'चे संपादक म्हणून सगळीकडे त्यांची आठवण निघाली, ती योग्यच होती. पण आम्हा इंदूरकर मराठी मंडळींना, म्हणजे तेव्हा जे पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे होते त्यांना, त्या निमित्ताने आठवले ते वेताळ. एक नव्हे, दोन.

पहिला 'चांदोबा'तला. मद्रासला नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू व तमिळमध्ये 'चंदामामा' काढला. त्याची मराठी आवृत्ती म्हणजे १९५२ पासूनचा 'चांदोबा'. हातात तलवार, खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम राजा, हे शंकर यांचे चित्र कोण विसरेल? खरे तर मूळ वेताळपंचविशीत गोष्टी पंचवीसच. 'चांदोबा'तला राजा मात्र वर्षानुवर्षे दर महिन्याला मौन मोडत राहिला आणि वेताळ झाडावर परतत राहिला. आमची काही तक्रार नव्हती.

दुसरा वेताळ अमेरिकेचा. ली फॉकने १९३६ साली जन्माला घातलेला फँटम मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून आला आणि हिंदीत वेताल, मराठीत वेताळ झाला. चालते-फिरते भूत म्हणून त्याची ख्याती, तेव्हा नाव चपखल बसले. मूळ कथेतले 'सिंग' चाचे इथे 'सिंगा' झाले, बंगाला देशाचे डेंकाली झाले. कुणाच्या भावना दुखवायला नकोत! कवटीच्या अंगठीचा ठसा तर अर्ध्या वर्गाने शाईने एकमेकांच्या गालावर उमटवला होता. १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला तेव्हा मात्र जरा छाती फुगली. डाकूंशी लढणारा, आपल्याकडचा. चंबळ आमच्याच प्रांतातली.

घरात नियम सरळ होता. 'चांदोबा' उघड वाचायचा, वेताळ भूगोलाच्या पुस्तकात लपवून. 'अमर चित्रकथा'ला परवानगी, कारण त्यात कृष्ण आणि शिवाजी. १९६७ साली दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव आले नाही, हे पाहून पैंनी ती मालिका काढली. गंमत अशी की त्याआधी ते टाइम्समध्ये होते आणि 'इंद्रजाल'च्या आरंभाशीही त्यांचा संबंध होता. वडीलधाऱ्यांना हे ठाऊक असते तर! 'कृष्ण'ची चित्रे राम वाईरकरांची, पुढे प्रताप मुळीक. ही आपली नावे पाहून आजोबाही चष्मा लावून बसत.

आता मुद्द्याचे. आमची शाळा हिंदी, गल्ली हिंदी. राजवाड्याजवळच्या ओट्यांवर दोरीला टांगलेली, दहा पैसे रोजाने मिळणारी कॉमिक्सही हिंदीच. मराठी छापील अक्षर घरात यायचे ते पोस्टाने आलेल्या 'चांदोबा'तून. शेजारच्या शर्मांकडे 'चंदामामा' यायचा. चित्रे तीच, मजकूर वेगळा. दोन्ही अंक ओट्यावर शेजारी-शेजारी उघडून आम्ही वाचत असू. हिंदीत राजा 'शिक्षा' देतो तेव्हा शिकवतो, मराठीत देतो तेव्हा फटके पडतात, हे आम्हाला कोणत्याही गुरुजींनी सांगितले नाही. आज आमच्यातले जे कुणी मराठीत चार ओळी लिहू शकतात, ते बहुतेक त्या ओट्यावरचे विद्यार्थी. आमच्या मुलांजवळ टीव्हीवर शंभर वाहिन्या आहेत. ती मराठी बोलतात, पण मंडळाची आमंत्रणपत्रिका आमच्याकडून वाचून घेतात.

१९९० साली 'इंद्रजाल' बंद पडले. ओट्यांच्या जागी मोबाइल रिचार्जची दुकाने आली. आमचे गठ्ठे बदल्या आणि घरबदलांत रद्दीवाल्याकडे गेले, किलोच्या भावाने.

तरी कुणाच्या माळ्यावर एखादा ट्रंक असेलच. त्यात जुने 'चांदोबा' सापडले तर मंडळाच्या वाचनालयात आणून द्यावेत, पाने सुटी असली तरी चालतील. बाइंडिंगचे आम्ही पाहतो. वेताळ कोणताही चालेल.