गिटार सिंथेसायझर
गिटार सिंथेसायझर हे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांच्या कंपनांवरून सिंथेसायझरचे ध्वनी निर्माण करणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. त्याच्या साहाय्याने गिटारवादकाला कीबोर्ड न वाजवता बासरी, व्हायोलिन, ऑर्गन इत्यादी वाद्यांसारखे नाद काढता येतात.

कार्यपद्धती
गिटारचा नेहमीचा पिकअप सर्व तारांचा एकत्रित संकेत देतो. गिटार सिंथेसायझरसाठी ब्रिजजवळ हेक्साफोनिक पिकअप बसवतात. तो सहा तारांचे सहा स्वतंत्र संकेत देतो. प्रत्येक संकेताची वारंवारता व तीव्रता ओळखून त्यानुसार ध्वनी निर्माण होतो. त्यामुळे एक तार खेचून घेतलेली मींड इतर तारांचे स्वर न ढळता उमटू शकते.

मर्यादा
वारंवारता मोजण्यासाठी साधारणतः तारेचे किमान एक कंपन पूर्ण व्हावे लागते. सर्वांत जाड तारेच्या एका कंपनास (सुमारे ८२ हर्ट्झ) १२ मिलिसेकंद, तर सर्वांत बारीक तारेच्या कंपनास (सुमारे ३३० हर्ट्झ) ३ मिलिसेकंद लागतात. परिणामी खालचे स्वर किंचित उशिरा उमटतात. शेजारच्या तारेला चुकून स्पर्श झाल्यास अनावश्यक स्वरही निघतात. म्हणून वादन स्वच्छ असावे लागते.

इतिहास
जपानच्या रोलँड कंपनीने १९७७ मध्ये जीआर-५०० व १९८० मध्ये जीआर-३०० ही प्रारूपे आणली. पॅट मेथेनी यांच्या 'ऑफरॅम्प' (१९८२) या अल्बममुळे जीआर-३०० चा नाद प्रसिद्ध झाला. जॉन मॅकलॉक्लिन यांनी चेन्नईत ध्वनिमुद्रित केलेल्या 'फ्लोटिंग पॉइंट' (२००८) या अल्बममध्ये भारतीय कलावंतांसह हे वाद्य वाजवले; त्यातील एका रचनेत मुंबईचे गायक शंकर महादेवन यांचा स्वर आहे.