रबराच्या छताचा सांधा

जर्सी सिटीत लेकीच्या जुन्या घराला सपाट छत आहे, वर काळ्या रबराची चादर. बाळाच्या खोलीत पाणी ठिबकायला लागलं आणि कंत्राटदार म्हणाला, सगळं उखडून नवं टाका. तेवढे पैसे कुणाकडे होते? मी आधी या रबराचा इतिहास वाचायला बसले. जावई हसले.

१८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधकाबरोबर तापवून रबर पक्कं करण्याची रीत सापडली. पण झाडाच्या चिकाचं रबर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने तडकतं. १९६० च्या दशकात छतांसाठी ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर आलं, ते उन्हात टिकतं. तरी अमेरिकेतली बहुतेक सपाट छतं डांबराच्या थरांचीच होती. १९७३ मध्ये तेल भडकलं, डांबर महागलं आणि रबराची चलती झाली.

खरी गोम पुढेच आहे. या चादरी तापवून एकजीव होत नाहीत, चिकटवाव्या लागतात. सुरुवातीला निओप्रीनचा गोंद वापरत, तो ओलाव्याने हळूहळू सुटायचा. पुढे ब्युटिलचा गोंद आला, मग चिकटपट्टी. म्हणून जुन्या छतावर चादर धडधाकट आणि सांधा उसवलेला, असं फार दिसतं. गोधडीचं कापड चांगलं पण टाके गेलेले, तसं.

आमचंही तेच निघालं. उताराच्या खालच्या टोकापासून एकेक भाग नळीने भिजवला, दर वेळी वीस मिनिटं थांबलो. लेक खोलीत टॉर्च घेऊन उभी. पाणी पडत होतं पाळण्याशेजारी आणि सांधा उघडला होता चिमणीच्या कोपऱ्यात, सात-आठ फूट वरच्या बाजूला! लाकडावरून ओघळत ते कुठेही उतरतं.

त्या कोपऱ्यावर आधीच्या मालकाने डांबर फासलेलं. माझ्या माहेरी माळवद गळलं की वर पांढरी माती टाकायची, संपलं. इथे तसं चालत नाही. डांबरातल्या तेलाने हे रबर फुगतं, मऊ पडतं. कारागिराने तेवढा तुकडा कापला, खालचं भिजलेलं इन्सुलेशन बदललं, जागा पुसून कोरडी केली. मग प्रायमर, नवा तुकडा, ब्युटिलची पट्टी, रोलरने दाब आणि कडेने सीलंट. अर्ध्या दिवसाचं काम.

त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले. लेक म्हणते, आई, बादली उचल आता. म्हटलं, अजून एक पाऊस बघू.