गुरू, पण नाव नसलेले

गोणपाटाच्या तुकड्याचा एक आडवा धागा सावकाश ओढून पाहू या. उभ्या धाग्यांच्या एकदा वरून, एकदा खालून तो गेलेला दिसतो. पुढचा धागा बरोबर उलटा. साधी वीण ती हीच. विणलेली वस्तू अशी उसवत वाचता येते.

याच रीतीने शिकलेल्या एक बाई म्हणजे अॅनी आल्बर्स. १९२२ साली त्या जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. मुलींना तिथे बहुधा विणकामाकडेच वळवत. ते त्यांना मुळीच नको होते! नाझींच्या दबावामुळे १९३३ साली शाळा बंद पडली आणि त्या अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवू लागल्या. विद्यार्थ्यांना त्यांनी पेरूकडचा कमरेचा मागही दिला. ताण्याचे एक टोक खांबाला, दुसरे विणणाऱ्याच्या कमरपट्ट्याला. मागे रेलले की ताणा घट्ट, पुढे झुकले की सैल. विणणारा स्वतःच मागाचा भाग.

एवढ्याशा साधनावर प्राचीन पेरूच्या विणकरांनी दुहेरी कापड विणले. दोन रंगांचे दोन थर नक्षीच्या कडेवर एकमेकांत जागा बदलतात, म्हणून मागच्या बाजूला तीच नक्षी उलट्या रंगांत उमटते. किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळवंटातील थडग्यांत ही कापडे टिकली. विणकरांची नावे मात्र उरली नाहीत.

आल्बर्सबाईंनी १९६५ सालचे ‘ऑन वीव्हिंग’ हे पुस्तक या विणकरांनाच, आपले थोर गुरू म्हणून, अर्पण केले. आमच्या शालेय इतिहासात चाकाला पान होते. मागाला ओळही नव्हती.