वेदरफर्ड, टेडी

(११ ऑक्टोबर १९०३ – २५ एप्रिल १९४५). मुंबईत जॅझ रुजवणारे अमेरिकन पियानोवादक. शिकागोतील अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात ते लुई आर्मस्ट्राँगसोबत वाजवत. १९२६ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांत वेदरफर्ड यांचा घणाघाती पियानो ठळक ऐकू येतो. त्याच वर्षी ते आशियात आले आणि पुढचे बहुतेक आयुष्य इकडेच राहिले.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३६ मध्ये ते क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदात होते. ‘ताजमहाल’ या मीना सायलस यांच्या फॉक्सट्रॉटची तबकडी याच काळातली. पण वादक म्हणून त्यांची उंची कळते ती १९३७ च्या पॅरिसमधील एकल ध्वनिमुद्रणांत. ‘टी फॉर टू’ ही व्हिन्सेंट यूमन्स यांची १९२० च्या दशकातील चाल आर्ट टेटम यांनी १९३३ मध्ये मुद्रित करून पियानोवादकांची कसोटीच करून ठेवली होती. तीच वेदरफर्ड यांनी निवडली. डावा हात पहिल्या व तिसऱ्या मात्रेला खर्जाचा सूर देतो, लगेच उडी घेऊन दुसऱ्या व चौथ्या मात्रेला स्वरसंघात; उजव्याला मग मोकळे रान. जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीत हे सारे बसवलेले आहे, आणि ते आजही ताजे वाटते.

त्यांच्यासोबत वाजवणारे गोमंतकीय ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड पुढे हिंदी चित्रपटसंगीतात आले; ‘आमचें नशीब’ (१९६३) हा कोकणी चित्रपटही त्यांनी काढला. वेदरफर्ड यांचा मृत्यू कलकत्त्यात पटकीने झाला.