दस्तुरीच्या वर

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या वर मोटार का चढत नाही, याची आमच्या घरात तीन उत्तरं होती. आजोबा म्हणत, गोऱ्या साहेबाला शांत झोप हवी होती. आजी म्हणे, घोडेवाल्यांची पोटं आहेत. आणि चुलत आजोबा ठासून सांगत, नगरपालिका आहे म्हणून. तिन्ही उत्तरं थोडी थोडी खरी होती.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढला आणि त्यानं तो ‘शोधला’. ठाकर, कातकरी, धनगर तिथे आधीपासून वावरत होते, त्यांना कुणी शोधलं नाही. १९०५ साली नगरपालिका झाली आणि १९०७ मध्ये पीरभॉय घराण्यानं स्वतःच्या पैशानं बांधलेली, दोन फुटी रुळांची गाडी नेरळहून वर आली. गाडी आली, मोटार नाही. तांबडी माती, गर्द झाडी आणि पायी चालणं हीच गावाची ओळख ठरली.

या ओळखीचं ओझं मात्र माणसांच्या डोक्यावर होतं. आजोबांच्या चुंबळीची कड इतकी झिजलेली होती की आतली चिंधी बाहेर लोंबत असे. हातरिक्षा चढावर नेताना एक पुढे ओढणार, दोघे मागून रेटणार, आत बसलेला पाहुणा हवेचं कौतुक करणार. पाहुण्याला त्यात गंमत वाटे. आजोबांना कधी वाटली नाही.

म्हणूनच भाईंचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. भाई म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. १ डिसेंबर १९१२ चा जन्म, माथेरानचाच, नाभिक घरातला. वकील झाले आणि पुढे याच नगरपालिकेचे उपाध्यक्ष. ‘आपल्यातला माणूस खुर्चीवर बसला,’ हे वाक्य आजोबा इतक्या वेळा सांगत की पुढचं आम्हीच पूर्ण करायचो: ‘आणि खुर्ची सोडून खाली गेला!’ खाली म्हणजे कर्जतच्या शेतकऱ्यांत, आदिवासींत. सावकारी पाशात अडकलेल्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या, शाळा काढल्या. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटानं विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. वय जेमतेम तीस.

गाव जपणं म्हणजे माणसं जपणं, हे मला भाईंच्या या गोष्टीतून उमगलं. वनराईच्या भाषणांतून नव्हे. भाषणं वाईट नसतात म्हणा. २००३ च्या अधिसूचनेनं माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं, हे चांगलंच झालं. पण मोटारबंदीच्या नियमाआड माणसानं माणसाला ओढणं वर्षानुवर्षं चालू राहिलं, आणि ते ‘आमचं वैशिष्ट्य’ म्हणून आम्हीही मिरवलं.

ई-रिक्षा द्या, ही मागणी घेऊन रिक्षा ओढणारेच न्यायालयात गेले. घोडेवाल्यांनी विरोध केला, त्यांनाही पोट आहे. २०२२ च्या डिसेंबरात चाचणी म्हणून सात ई-रिक्षा धावल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं बजावलं. आता तंटा आहे तो नव्या रिक्षा कुणाच्या नावावर चढणार याचा. माझं मत विचाराल तर, ज्यानं हातरिक्षा ओढली, त्याचंच नाव यादीत पहिलं हवं.