आमच्या घरातली गिरणी

मंडळी, गेला महिनाभर आमच्याकडे गिरणी चालू होती. पिठाची नव्हे, माझ्या लॅपटॉपची! यंत्र सुरू केलं की दोन मिनिटांत पंखा घरघरू लागायचा, तो बंद करेपर्यंत थांबायचा नाही. दुपारी जरा डोळा लागला की सौ.चा आतून आवाज यायचा, "अहो, झालं का दळण?"

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, पंख्याचा वेग कमी करणारा प्रोग्रॅम मिळतो, टाकून देऊ का?" मी हो म्हणणारच होतो. पण आयुष्यभर इतिहास शिकवल्याची खोड... आधी या पंख्याचं कूळ शोधायला बसलो.

ते थेट फिलाडेल्फियात सापडलं. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. आपल्या जुन्या रेडिओत पेटायचे तसलेच. त्याला वीज लागे दीडशे किलोवॅटच्या आसपास, आणि संगणकात गेलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे एका दालनात दीडशे इस्त्र्या तापत ठेवल्यासारखंच! ती धग बाहेर काढायला मोठाले पंखे होते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक सुरू झाला, त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते. तेव्हा मी शाळकरी पोर होतो, मला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, संगणक टेबलावर मावू लागला. मग लोकांना वाटलं, आता पंखा कशाला? ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांना तर पंख्याच्या आवाजाचा तिटकाराच. १९८० च्या ॲपल थ्री या संगणकात पंखा नको, असा त्यांनी हट्ट धरला. दोष त्यात इतरही होते, पण आत कोंडलेल्या उष्णतेनं चिप खोबणीतून सैल व्हायच्या म्हणतात. त्यावर कंपनीनं सुचवलेला उपाय ऐका: यंत्र दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर आपटा! आपण रेडिओला थापट मारायचो त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती.

हे वाचताना सातवी 'ब'मधला एक मुलगा आठवला. सतत शेजाऱ्याशी कुजबुजायचा. मी त्याला बडबड्या ठरवून शेवटच्या बाकावर एकटा बसवला. वर्ग शांत झाला, मीही खूश. मार्चमध्ये कळलं की त्याला फळा दिसत नव्हता, तो शेजाऱ्याला विचारून लिहून घ्यायचा. असो.

मोठ्या यंत्रांची तऱ्हा वेगळी. १९८५ च्या क्रे-२ महासंगणकाचं सगळं अंतरंग एका खास द्रवात बुडवून ठेवलेलं असे, तेलात भजी सोडावीत तसं. फरक इतकाच की हा द्रव तळायला नव्हे, निववायला.

खरी मेख मात्र चिपमध्ये आहे. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिलं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की त्याला लागणारी वीजही त्या प्रमाणात घटते. त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीही दाटी केली तरी धग वाढत नाही. या हिशेबावर तीसेक वर्षं छान गेली. २००५ च्या सुमारास तो कोलमडला, कारण इतक्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही वीज झिरपू लागली. इंटेलनं २००४ मध्येच पेंटियम फोरचा पुढचा अवतार रद्द केला आणि एकाच चिपचा वेग वाढवण्याऐवजी तिच्यात दोन-दोन, चार-चार मेंदू बसवायचा रस्ता धरला. २०२० साली ॲपलनं मॅकबुक एअरमधून पंखा काढून टाकला, पण ते यंत्र फार तापलं की स्वतःच हळू चालतं.

एवढं वाचल्यावर भाच्याला सांगितलं, पंख्याचं तोंड दाबायचं नाही. माझ्या त्या यंत्रात आईच्या आठवणींची चाळीस पानं आहेत, दुसरीकडे प्रत नव्हती. पहिल्यांदा ती पेनड्राइव्हवर उतरवली. मग टास्क मॅनेजर उघडून कोण राबतंय ते पाहिलं. फोटो लावून ठेवणारा एक प्रोग्रॅम रात्रंदिवस खपत होता, त्याला रजा दिली. आवाज थोडा उतरला, पण गेला नाही. आवाजही नीट ऐकला. खडखड असती तर पंखाच झिजलेला समजायचा. हा तर नुसता वाऱ्याचा घोंगाट, म्हणजे आत धग होती.

एका दुकानदारानं यंत्र न उघडताच "नवीन घ्या काका" म्हणून निकाल दिला होता. दुसऱ्यानं उघडलं. पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये धुळीचा चक्क नमदा बसला होता! पंखा बोटानं धरून त्यानं हवा मारली, चिपवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. जाताना विचारलं, "काका, हा ठेवता कशावर?"

हवा आत घ्यायच्या जाळ्या यंत्राच्या पोटाला असतात. आणि आमचा लॅपटॉप गेली चार वर्षं सौ.नं विणलेल्या क्रोशाच्या रुमालावर विराजमान होता.

गिरणी थांबली आहे. रुमाल आता कुठे घालायचा, यावर बोलणी चालू आहेत.