तगादा: पेशवाईतल्या उंबरठ्यापासून तुमच्या इनव्हॉइसपर्यंत

फ्रीलान्स करणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपवर जा, रडगाणं एकच. काम दिलं, इनव्हॉइस पाठवलं, पुढे शांतता. मग "अकाउंट्सला सांगितलंय", मग "आमच्याच क्लायंटने अजून दिले नाहीत". आपण रिमाइंडर टाकत राहतो. याला आपल्याकडे जुना शब्द आहे: तगादा. मूळ अरबी, फारसीतून मराठीत आलेला. आणि पेशवाईत तगादा म्हणजे नुसती आठवण नव्हती, ती वसुलीची रीतसर पद्धत होती.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचं वर्णन आहे. देणेकरी आपल्या बरोबरीचा किंवा खालचा असेल, तर त्याला घरातच अडकवायचं, जेवू द्यायचं नाही, उन्हात बसवायचं. देणेकरी वरचढ असेल तर मात्र सगळं उलटं. आधी विनवण्या. मग त्याच्या उंबरठ्यावर आडवं पडायचं, दारात आरडाओरडा करायचा, नाहीतर उपाशी बसायचं. तुम्ही दारात उपाशी, म्हणजे घरधन्यालाही जेवता येत नसे. हेच धरणं. मागणी खरी असेल तर अशा माणसाला हाकलायचं नाही, असा संकेत होता.

मला यातलं सगळ्यात खरं वाटतं ते हे, की पद्धत रकमेवर ठरत नव्हती, कोण वर आणि कोण खाली यावर ठरत होती. सबकॉन्ट्रॅक्टवर काम करणारा आजही दुसऱ्या गटातच. मी एका एजन्सीसाठी केलेल्या एपीआयच्या कामाचे पैसे सात महिन्यांनी आले. त्या काळात माझ्या प्रत्येक मेसेजची सुरुवात "सॉरी टू डिस्टर्ब" अशी होती. पैसे माझे, सॉरीपण माझंच!

इंग्रजांना धरणं खपलं नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ आलं: दैवी कोपाची भीती घालून कुणाला काही करायला लावणं हा गुन्हा. त्याचं उदाहरण म्हणून कायद्यात चक्क दारात धरणं धरून बसलेला माणूसच दिला होता. दार बंद झालं, कोर्ट उघडलं. आणि कोर्टात कागद बोलतो.

त्याचवेळी, १८५९ मध्ये, मुदतीचा कायदा आला. नोंदणी न केलेल्या साध्या खतावर तीन वर्षांत दावा करायचा, नाहीतर विसरा. ऐकायला हे कर्जदाराच्या बाजूचं वाटतं. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवं खत लिहून घ्यायला लागले. वाचता न येणाऱ्या कुणब्याचा अंगठा, कर्ज वाढतच गेलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि दंगे गावोगावी पसरले. त्यांना हवी होती खतं आणि हुकूमनामे, जाळायला.

ती तीन वर्षांची मुदत आजही आहे, १९६३ च्या कायद्यात. फक्त आता येणं तुमचं आहे. पैसे कधी द्यायचे हे ठरलंच नसेल, तर घड्याळ काम पूर्ण झाल्यापासून चालू होतं, तुमच्या शेवटच्या रिमाइंडरपासून नाही. हे नीट ऐका, कारण "बघतो, बघतो" करत लोक तीन वर्षं सहज काढतात. पण मुदत संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी लेखी मान्य केलं की "एवढं देणं आहे", तर तिथून नवी तीन वर्षं. सावकार खत नवं करायचा तेच हे. फोनवरचं "हो रे, देतो" यात धरलं जात नाही. म्हणून फोन झाला की लगेच मेल टाका आणि उत्तरात रकमेसकट होकार मिळवा.

दुसरं हत्यार २००६ च्या एमएसएमई कायद्याचं. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर लेखी कराराने ठरवलेली मुदतही ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. नोंदणी फुकट आहे, पण ती काम घेण्याआधी करून ठेवा, मागाहून केली तर वाद होतो.

ही व्याजाची ओळ इनव्हॉइसच्या तळाशी आधीच छापून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.